दाढेखालचा छरा

एलिफच्या दाढेखाली टणक काहीतरी आलं आणि त्याचं चावणं थांबलं. टेबलापलीकडून टोरगाइर त्याच्या तोंडाकडेच बघत होता.

"सापडला?"

"हाड असेल," एलिफ म्हणाला.

"छातीच्या मांसात हाड? मी कापलंय ते."

पक्षी एकच होता. आख्ख्या दिवसात डोंगरावर दिसलेला एकमेव हिमतित्तर, आणि खाणारी तोंडं चार: एलिफ, टोरगाइर, ओस्मुन आणि दाग्नी. दुपारी तो झुडपातून फडफडत उठला तेव्हा एलिफ आणि टोरगाइर दोघांनीही एकदमच बंदुका खांद्याला लावल्या. बार उडाला, डोंगरांनी तो आपसात झेलाझेली करून परत दिला, आणि पक्षी पडला. "माझा!" असं ओरडत टोरगाइर कुत्र्याच्या आधी धावला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तसं धावू नये.

पण त्याचं कारण होतं. गेल्या वर्षी टोरगाइरने पक्षी समजून दाग्नीची लोकरी टोपी उडवली होती. टोपी झुडपावर वाळत होती, म्हणून दाग्नी अजून शिकारीला येत होती. "पांढरी टोपी घालतं का कुणी डोंगरात?" एवढंच टोरगाइरचं म्हणणं. तेव्हापासून त्याची मुलगी इंगेबोर्ग एलिफच्या मागे लागली होती. "एलिफकाका, बाबांची बंदूक या खेपेला तुम्ही काढून घ्या. माझं ते ऐकायचे नाहीत." शेवटी टोरगाइरनेच एलिफला शब्द दिला होता, "या खेपेत एकसुद्धा पाडला नाही, तर बंदूक तुझ्या हवाली. पाडला, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

आज खेपेचा शेवटचा दिवस होता.

पक्षी कुणाचा हा वाद या शिकारीच्या खोपटात कायम पातेल्यात सुटत आला होता. टोरगाइर शिशाचे छरे वापरायचा, बाकीचे पोलादी. शिसं दाताखाली दबतं, पोलादाखाली दात. पक्षी शिजवायचा, सावकाश चावायचं, आणि दाढेला जे लागेल ते खरं सांगायचं. या रिवाजापायी ओस्मुनच्या दोन दाढा गेल्या होत्या, पण खोटं कधी कुणी बोललं नव्हतं.

स्वयंपाक टोरगाइरचा. त्याने छातीचे तुकडे लोण्यात परतले, पाठीचा आणि तंगड्यांचा रस्सा काढला, त्यात साय, शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज आणि जुनिपरची ठेचलेली फळं घातली. एरवी रस्सा ढवळताना तो गप्पांनी छप्पर उडवायचा. आज चकार शब्द नाही. मऊ मांस त्याने तिघांना वाढलं आणि स्वतः पंख चोखत बसला.

एलिफने जिभेने छरा घोळवला. गोल, गुळगुळीत, दाद न देणारा. पोलाद. म्हणजे त्याचा स्वतःचा. आता फक्त खरं बोलायचं, की बंदूक गाडीच्या डिकीत, इंगेबोर्ग निर्धास्त, आणि दाग्नीच्या टोप्या सुखरूप. त्याने टोरगाइरकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या हनुवटीला साय लागली होती.

"शिसं," एलिफ म्हणाला, आणि पुरावा गिळला.

"मलाही शिसंच," गाल धरून ओस्मुन म्हणाला. "लोण्यासारखं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने छरा शेगडीच्या तोंडात टाकला. आत टणकन वाजलं.

दाग्नीने आपला छरा रुमालात गुंडाळला. "माझाही शिशाचा. आठवण म्हणून ठेवते."

"तिघांनाही?" टोरगाइरने विचारलं.

"तिघांनाही! काय नेम आहे रे म्हाताऱ्या," ओस्मुन म्हणाला. "आता आम्हालाच चष्मे लागतील."

टोरगाइर उठला. खुंटीवरची बंदूक काढून त्याने ती एलिफच्या मांडीवर आडवी ठेवली. मग खिशातून दोन काडतुसं काढली आणि टेबलावर उभी केली. दोन्ही भरलेली, कोरी करकरीत.

"दाराशी बंदूक रिकामी करताना निघाली," तो म्हणाला. "सुरक्षेचा खटका सरकवायचाच राहिला होता. मी चाप नुसताच ओढला."

ओस्मुनने गालावरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला.

"पुढच्या वर्षी मी येणार. पण पातेल्यापुरता," टोरगाइर म्हणाला, आणि रस्सा वाढायला लागला. "आणि एलिफ, इंगेबोर्गला सांग, बंदूक मी आपणहून दिली. एवढं तरी खरं सांग."