बुडबुडे

माहेरी आलेल्या लेकीला आई चॉकलेट करायला शिकवत होती. चॉकलेटचं काय बिनसलंय, ते आईला लांबूनच कळायचं. पांढरट पडलं म्हणजे वितळवताना जास्त तापलं, साच्याला चिकटलं म्हणजे साचा ओला राहिला आणि अंगावर भोकं दिसली म्हणजे आत हवा अडकली.

"साचा घासायचा नाही हं, मऊ कापडाने पुसायचा. ओरखडा पडला की तो जन्माचा. हं, आता ओत आणि साचा ओट्यावर आपट. आतले बुडबुडे वर येतात."

लेकीने साचा अलगद टेकवला.

"अगं, आपट म्हटलं मी. झोपवतेयस काय त्याला?" आई हसली. "माहेर आहे तुझं. इथे कोण ओरडणार आहे तुला?"

लेकीने पुन्हा हळूच टेकवला. "आले ना आई वर. बास आता."

"डोंबलाचे आले!" आईने साचा तिच्या हातातून ओढून घेतला.

"आई, नको!"

तोवर आईने तो ओट्यावर दोनदा दणकन आपटलाही. बुडबुडे भराभर वर येऊन फुटले. "बघ, काय झालं का साच्याला?"

पलीकडच्या खोलीत मघापासून बाहुलीशी चाललेली नातीची बडबड मात्र एकदम थांबली. आईने डोकावून पाहिलं. भर दुपारी नात पलंगाखाली शिरली होती, बाहुलीच्या तोंडावर हात दाबून.

"आजी," ती कुजबुजली, "बाबा आले ना? त्यांना सांग, आम्ही दोघी झोपलोय."