पुसलेली शाई

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची पट्टी सुटताच प्राध्यापक केळुसकरांनी समोर उभ्या असलेल्या हेमांगीला, आपल्या जुन्या साहाय्यिकेला, विचारले, “माझ्या डोळ्यांत बसवलेली ही भिंगे माझ्याच पद्धतीने केलीस ना गं?”

“त्याच पद्धतीने, सर. कॅल्शियम फ्लोराइड निर्वात भट्टीत वितळवले आणि चाळीस दिवस निवू दिले. ही मूळ प्रयोगवही.”

वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः रसायनाने पुसलेले हेमांगीचे नाव पहिल्या पानावर, ‘संशोधक’ या शब्दापुढे, ठळक काळे दिसत होते. त्यांनी डोळे गच्च मिटले.

“भिंगांच्या या स्फटिकातून अतिनील किरणही आरपार जातात, आणि त्या किरणांत पुसलेल्या शाईचा उरलेला अंश काळा दिसतो,” हेमांगी म्हणाली. “ पद्धत शोधणाऱ्याला एवढे ठाऊक असायला हवे होते.”

“जाळून टाक ती वही,” ते पुटपुटले.

“तुम्हीच जाळा, सर. या पद्धतीसाठी तुमचा सन्मान करणाऱ्या समितीच्या पाचही जणांना गेल्या महिन्यातच माझी हीच भिंगे बसवली, आणि वाचायला हीच वही दिली.”