देवाचा थेंब

तिसऱ्या बारपर्यंत पायपीट झाली तशी गुंजाळांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं दारूबंदीच्या पोलिसात काढलेल्या बापाला लेकीनं हौसेनं पुण्यातल्या बिअरच्या भट्ट्या दाखवायला आणलं होतं. जो तो ग्लासात नाक खुपसून संत्र्याचा वास शोधत होता. शी!

"ही मोहाची बिअर," सहलीचा म्होरक्या म्हणाला. "आदिवासी पाड्यांवर पहिला थेंब देवाला देतात. चला, आपणही देऊ!"

खिदळत सगळ्यांनी चकचकीत फरशीवर बिअर सांडली.

"देवाची थट्टा करतात, निर्लज्ज कुठले!" गुंजाळ करवादले.

"आमच्या बाबांनी मोहाच्या दारूची शेकडो मडकी फोडलीत!" लेक सगळ्यांना सांगू लागली. "बाबा, त्या म्हातारीची गंमत सांगा ना!"

दर दिवाळीला गुंजाळ ती गंमत रंगवून सांगत. पाड्यावरची म्हातारी मडक्याला मिठी मारून विनवत होती, "सायेब, देवाचा थेंब देऊ द्या, मग फोडा." त्यांनी काठी हाणली होती. "घे, अख्खं मडकंच दिलं तुझ्या देवाला!" इथे सगळं घर खदखदून हसायचं.

सगळे ग्लास धरून वाट बघत होते. गुंजाळ टेबलांना अडखळत दाराकडे निघाले. त्यांनी तर अजून थेंबही घेतला नव्हता.