वीरपत्नीचा प्रवेश

"शहिदाच्या बायकोनं नाटकात काम करायचं?" सुभेदार सासऱ्यांनी सकाळी एवढंच विचारलं होतं. तरीही ते आले आणि पहिल्या रांगेत ताठ बसले. विंगेतून ते दिसताच शालन एक पाऊल मागे सरली.

साताऱ्यातल्या या रंगमंचावर ती पूर्वी अनेकदा बसली होती, वीरपत्नी म्हणून शाल-श्रीफळ घ्यायला. बोलायला तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज तिच्या गावातल्या बायकांनी मराठीत बसवलेल्या एका जुन्या ग्रीक शोकनाट्यात ती हरलेल्या नगरीची राणी झाली होती.

जिंकलेल्या फौजेचा शिपाई तिच्यावर गुरकावला, "युद्ध संपलं! आता रडणं बंद!"

"संपलं?" शालनचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "मग माझी माणसं घरी का नाही आली?"

आणि ती ऊर बडवून रडली. नवरा गेला तेव्हा फौजीच्या घरात रडायचं नसतं म्हणून गिळलेलं सगळं रडली. मागच्या बायकांनी तिच्या सुरात सूर मिसळला. नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवतच राहिलं. नमस्काराला वाकताना शालनला लढाई मारल्यासारखं वाटत होतं.

सासरे विंगेत आले. गालांवरचं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"सूनबाई, पुढचा प्रयोग आपल्या गावात करा," ते म्हणाले. "तुझ्या सासूलाही पोटभर रडायचंय. मांडव मी घालतो."