नुसतं ‘आई’ नको

“अण्णांचं प्रकरण काढून टाक, नाहीतर पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस,” श्रीधरने बहिणीला बजावलं.

कालिंदीचं आत्मचरित्र छपाईला निघालं होतं. आजवर प्रत्येक मुलाखतीत तिने आपल्या लिखाणाचं श्रेय वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाला दिलं होतं. गावच्या वाचनालयालाही अण्णांचंच नाव होतं. पण आईच्या हातात पुस्तक दिसलं की हेच अण्णा तिला मारायचे, हे तिने आता पहिल्यांदाच लिहिलं होतं. मार खाऊनही आई चोरून वाचायची आणि भाकऱ्या थापताना ते सगळं लेकीला रंगवून सांगायची. कालिंदी लिहायला शिकली ती त्या चुलीपाशी.

“निदान आईचा तरी विचार कर. या वयात तिची शोभा कशाला?”

“मला विचारलंत का कुणी?” पलंगावरून आई म्हणाली. “कालिंदे, वाच बघू.”

कालिंदीने वाचलं. आई शांतपणे ऐकत होती.

“हे असं छापू नकोस,” आई शेवटी म्हणाली.

“बघ! तिलाही नकोय,” श्रीधरचा चेहरा खुलला.

आईने आपला वाकडा डावा हात पुढे केला. “हा जिन्यावरून पडून मोडला नव्हता. तेही घाल. आणि जागोजागी नुसतं ‘आई’ काय लिहिलंयस? द्वारका लिही. मार द्वारकेने खाल्लाय, पुस्तकंही तिनेच वाचलीत.”

कालिंदीने पेनाचं टोपण काढलं.