टाकीची बाजू

"मॅडम, त्यांची शेवटची पेनल्टी कोण मारणार ते माहितीये ना?" गोलकीपरने हातमोजे घट्ट करत विचारलं.

कोचबाईंना माहीत होतं. अख्ख्या मैदानाला माहीत होतं. शेवटची पेनल्टी बाईंचीच लेक मारणार होती, आणि तीही समोरच्या कॉलेजकडून.

अंतिम सामना बरोबरीत सुटला होता आणि करंडक कुणाचा ते आता पेनल्टींवर ठरणार होतं. बाईंचे पाय एका जागी ठरत नव्हते. बाकापासून रेघेपर्यंत जायच्या, परत यायच्या, पाण्याची बाटली उघडायच्या आणि न पिताच बंद करायच्या. सकाळी प्राचार्यांनी त्यांना खोलीत बोलावून चहा पाजला होता. हा माणूस स्वतःहून चहा पाजतो तेव्हाच घाबरायचं असतं.

"दरवर्षी उपविजेते," प्राचार्य म्हणाले होते. "वरच्यांचं म्हणणं आहे, आता नवा माणूस बघू या. मी म्हटलं, आजचा निकाल तर लागू दे."

म्हणजे करंडक आला तर नोकरी, नाहीतर हातात नारळ.

कॉलेजात मुलींना फुटबॉल कुणी देत नव्हतं तेव्हापासून बाई इथे होत्या. मुलांचा संघ मैदान सोडेपर्यंत त्या कडेला ताटकळत बसायच्या. पोरींच्या आईबापांच्या घरी जाऊन मनधरणी करायच्या. उमेदीची सगळी वर्षं या मैदानाने खाल्ली होती, आणि थोडा संसारही.

लेक याच मैदानावर लहानाची मोठी झाली. कॉलेजात आली तेव्हा बाईंनी तिला संघात घेतलं, पण दोन वर्षं बाकावर बसवून ठेवलं. 'घरची म्हणून खेळवते' असं कुणी म्हणायला नको! तिच्यासारखी पेनल्टी मारणारी संघात दुसरी नव्हती, तरी बसवलं. लेकीने एका शब्दाने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी सरळ कॉलेज बदललं, आणि तेही बाईंना नवऱ्याकडून कळलं. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढ्यावर आलं होतं.

गोलकीपर यंदाच आलेली. मुली तिला भिंत म्हणत. लेक पेनल्टी कशी मारते हे तिनेच काय, आताच्या संघात कुणीच पाहिलं नव्हतं.

"तुम्हीच शिकवलंय ना तिला? मग कुठे मारते ते सांगा की," भिंत म्हणाली.

या मैदानावर डावं-उजवं कुणी म्हणत नसे. मारणारीचं डावं ते अडवणारीचं उजवं, आणि या घोळापायी बाईंचा संघ पूर्वी एक सामना घालवून बसला होता. तेव्हापासून बाईंनी दोनच शब्द ठेवले. गोलाच्या एका अंगाला पाण्याची टाकी होती, दुसऱ्या अंगाला रस्ता. त्यामुळे टाकीकडे किंवा रस्त्याकडे. लेकही लहानपणापासून हेच बोलत आली होती. वर तिला बाईंची एक सक्त ताकीद होती, की ऐनवेळी बाजू बदलायची नाही. लेकीने ती इतकी मनावर घेतली की आजवर तिने एकच बाजू धरली होती.

बाईंनी पलीकडे पाहिलं. लेक एकटीच उभी राहून नखं खात होती. ही सवय मोडायला बाईंनी जंग जंग पछाडलं होतं. त्यांना एकदम भरून आलं.

"मॅडम?"

"टाकीकडे," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना! ती आली की बिनधास्त टाकीकडे झेप घे."

मागे उभी असलेली कर्णधार शेजारणीला हळूच म्हणाली, "बघ, सख्ख्या पोरीलाही सोडलं नाही. मानलं बाबा मॅडमना."

बाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

दोन्हीकडच्या पेनल्टी एकामागून एक आत गेल्या. शेवटी लेकीची तेवढी उरली. ती आत गेली तर बरोबरी, चुकली तर करंडक बाईंचा.

लेक धावत आली. भिंत टाकीकडे झेपावली. आणि चेंडू थेट तिच्या हातात येऊन बसला.

बाई रेघेपाशीच थांबल्या.

मैदानात एकच गिल्ला उठला. प्राचार्य धावतच आले. "आता कोण तुम्हाला हलवतंय ते बघतो मी!" म्हणाले. बाई नुसत्या 'हो, हो' करत होत्या. भिंत त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"मॅडम, तुम्ही म्हणालात तस्साच आला! अगदी टाकीकडे!"

बाईंनी तिला थोपटलं. मग बाटली उघडून एका दमात रिकामी केली. सगळ्यांना तो आनंद वाटला.

मग गर्दीतून वाट काढत त्या समोरच्या संघाच्या बाकाकडे गेल्या. लेक एका टोकाला बसली होती.

"लागलं का गं कुठे?" बाईंनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही." लेक चक्क हसली. "बाबांनी सांगितलं होतं नोकरीचं. वाचली ना?"

"अगं, मी तिला..."

"राहू दे, आई. मी चिडले नाहीये. तू कोच आहेस, कोचसारखीच वागणार; माझी चालही ओळखलीस." लेकीने बाहीने डोळे पुसले. "माझी रस्त्याची बाजू तू तिला सांगणारच, याची मला खात्री होती. म्हणून तर आज जन्मात पहिल्यांदा मी टाकीकडे मारला."