कढीपत्त्याचा पहिला नंबर

‘एका प्राण्याची आणि एका वनस्पतीची तुलना करा,’ असा प्रकल्प होता. मी मांजर नेली, चंचलने कढीपत्ता. आमच्या गुजराती शाळेत बाईंना बेन म्हणतात; विज्ञानाच्या बेननी मांजर घरी पाठवली आणि कढीपत्ता खिडकीत मांडला. अख्खा वर्ग त्याला पाणी घालायला धावायचा! माझा नुसता जळफळाट. मग मी आमच्या बमरोलीच्या चाळीतल्या लिंबोणीवरची जाडजूड अळी कंपासपेटीतून आणली आणि गुपचूप त्या रोपावर सोडली. चार दिवसांत पानं सफाचट! मी खूश.

पंधरा दिवसांनी चंचल ओरडली, “जुओ ने बेन, बघा ना, कोशातून फुलपाखरू!”

“एकाच कुंडीत वनस्पती आणि प्राणी!” म्हणत बेननी तिला पहिला नंबर दिला.

“मला नको, बेन. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात अळी आपोआप थोडीच येते? जिने सोडली तिला द्या. कोण गं ती?”

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मीपण, मान वळवून वळवून.